चुंबकवीर, पर्व तिसरे : प्राची दैठणकरचे मत

श्रीराम दैठणकरांनी ते पान त्याच दिवशी पाकिटात घालून पेटीत टाकलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पाकीट घरात होतं, टपालपेटी ऑफिसच्या वाटेवर होती आणि टीव्हीवर दाखवलेला पत्ता प्राचीनं पानामागे उतरवूनही घेतला होता. पण ज्या माणसानं एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर तेवीस वर्षं काढली आहेत, त्याला साधं पत्र साधं दिसत नाही. त्याला आधी दिसतं की वर विषय नाही, त्याखाली संदर्भ नाही, आणि तळाला 'प्रत माहितीस्तव' म्हणून कुणालाच काही पाठवलेलं नाही. दुसऱ्यांची हजारो पत्रं दैठणकरांच्या शिक्क्याखालून गेली होती. स्वतःचं म्हणावं असं एकही गेलं नव्हतं. हे दुःख त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण चारचौघांत सांगता येईल इतकं ते मोठंही नव्हतं.

पान प्राचीचं होतं. प्राची त्यांची एकुलती एक मुलगी, नुकतीच चौथी संपवून पाचवीत गेलेली. तिची आई कावेरी पेडगावच्या शाळेत शिक्षिका, आणि सुट्टी लागली तरी कसल्या ना कसल्या सर्वेक्षणाला जुंपलेली. त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला 'चुंबकवीर' लागायचा तेव्हा घरात प्राची आणि स्वयंपाकाला येणाऱ्या धुरपताबाई, अशा दोघीच असायच्या. प्राची सोफ्यावर, धुरपताबाई खाली भाजी निवडत. तिन्ही पर्वं दोघींनी अशीच पाहिली.

चुंबकवीर म्हणजे तळहातात चुंबक असलेला एक मुलगा. एका लहान गावात राहणारा. त्याची धाकटी बहीण सतत त्याला चिकटून असते म्हणून तिचं नाव टाचणी. आणि जगातलं सगळं लोखंड खाऊन टाकायला निघालेला राक्षस तो गंजासुर. पहिली दोन पर्वं अख्ख्या परभणीच्या पोरांना तोंडपाठ होती. तिसरं पर्व मेच्या पहिल्या आठवड्यात संपलं. शेवटच्या भागाखाली एक पट्टी सरकत होती, 'बालमित्रांनो, तुमचं मत आम्हाला कळवा.' हे वाक्य खरं मानण्याचं वय प्राचीचं होतं. ती वही घेऊन बसली, दोन दिवस बसली, आणि तिसऱ्या दिवशी पान फाडून बाबांच्या हातात दिलं.

"बाबा, तुमच्या ऑफिसातून रोज पत्रं जातात ना? हे पाठवा."

पानावर लिहिलं होतं :

'१. चुंबकवीर आता उडतो. चुंबक उडत नसतो. आधी तो लोखंडी खांबाला धरून वर जायचा ते चांगलं होतं.

२. आधी तो घाबरायचा आणि मग लढायचा. आता तो घाबरतच नाही. मग आपण कशाला घाबरायचं.

३. गंजासुर चांगला झाला पण त्यानं कुणालाच सॉरी म्हटलं नाही.

४. टाचणी पाचव्या भागात मामाच्या गावाला गेली. ती परत आलीच नाही. तिला आणायला कुणी गेलं नाही. चुंबकवीरनं तिची आठवण पण काढली नाही. ती वाट बघत असेल. प्लीज तिला आणा.'

दैठणकरांचा ऊर भरून आला. आपल्या पोटी समीक्षक जन्माला आला आहे, असं त्यांना वाटलं. आणि इतकं चांगलं पत्र विषयाविना जावं हे त्यांना सहन होईना. त्यांनी कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं, 'विषय : मौजे परभणी येथील कु. प्राची हिने मालिकेबाबत मांडलेल्या मुद्द्यांवर उचित कार्यवाही होणेबाबत.' कावेरीनं ते खांद्यावरून वाचलं.

"लेकराचं पान हाय हो, फाईल न्हाई. टाका की पेटीत."

बायको शिक्षिका असली तरी तिला शासकीय पत्रव्यवहारातलं काय कळणार, असं दैठणकर मनात म्हणाले आणि कागद घेऊन वरच्या मजल्यावर गोविंदरावांकडे गेले.

गोविंदराव निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण हातातला लाल पेन निवृत्त झाला नव्हता. त्यांनी पान दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि सांगितलं की विचार उत्तम आहेत, भाषा मात्र पोरकट आहे. ती पोरानंच लिहिली आहे ही बाब त्यांनी विचारात घेतली नाही. 'सॉरी'च्या जागी 'दिलगिरी' आली. पहिल्या मुद्द्याचं 'सदर नायकाच्या उड्डाणक्षमतेबाबत शास्त्रीयदृष्ट्या पुनर्विचार व्हावा' असं झालं. दुसरा मुद्दा त्यांना मुळातच पटला नाही. नायक घाबरावा अशी मागणी परभणीतून जाणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि तो मुद्दा निघाला. शेवटी त्यांनी अनुभवाची गोष्ट सांगितली. एकट्या मुलीचं पत्र म्हणजे वैयक्तिक तक्रार, तिला कुणी विचारत नाही. सह्या पाहिजेत.

दैठणकर खाली आल्यावर प्राचीनं नवा कागद वाचला. "यात माझं कुठं हाय?" तिनं विचारलं. दैठणकर म्हणाले, सगळं तुझंच आहे, फक्त मोठ्या माणसांना कळेल असं केलंय. तिला मोठ्या माणसांना नाही, चुंबकवीरवाल्यांना कळवायचं होतं. पण तिचा बाबांवर विश्वास होता, आणि त्या विश्वासाच्या आधारावर पुढची सगळी इमारत उभी राहिली.

सह्यांसाठी त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर मजकूर टाकला. त्या गटावर एरवी पाणी कधी येणार एवढाच विषय असायचा, आणि त्यावर कुणाचं मत असून उपयोग नव्हता. मत द्यायची संधी बऱ्याच दिवसांनी आली होती. कोपऱ्यावरच्या बबिताताईंनी कळवलं की चुंबकवीर शेपूची भाजी खाताना दाखवा, आमचा बारका खातच नाही. एका डॉक्टरांनी चुंबकाचे रक्तदाबावरचे परिणाम लिहिले. एका गृहस्थांची तक्रार अशी की मालिकेच्या वेळेत त्यांना बातम्या बघता येत नाहीत. गंजासुराचा आवाज आपल्या साहेबांसारखा आहे, तो बदलावा, असंही एकाचं म्हणणं आलं आणि लगेच पुसलं गेलं. मालिका यांतल्या कुणीही पाहिली नव्हती. दैठणकरांनी सगळी मतं प्रामाणिकपणे क्रमांक घालून उतरवली. आवक म्हटलं की नोंद करायची, एवढंच त्यांना माहीत होतं.

मग कुणीतरी सांगितलं की हल्ली टपाल कुणी फोडत नाही, मत वाहिनीच्या संकेतस्थळावर ऑनलाईन नोंदवायचं असतं. एका रविवारी सकाळी दैठणकर लॅपटॉप उघडून बसले. नाव भरलं, वय भरलं, पालकांची संमती भरली. राज्य आलं, महाराष्ट्र निवडला. जिल्ह्यांची यादी उघडली. पालघर, आणि त्याखाली पुणे. मधे काहीच नाही. त्यांनी यादी खालून वर वाचली, वरून खाली वाचली. मग बोट लावून मोजली. पस्तीस भरले.

मदतकेंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं सनई वाजली. मग एका मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं, "सर, काही प्रॉब्लेम नाही. तुम्ही जवळचा जिल्हा घ्या ना. नांदेड सिलेक्ट करा."

परभणीच्या माणसाला काय काय सांगता येतं याला मर्यादा आहेत. दैठणकर स्वभावानं गरीब, ऑफिसात चपराशीसुद्धा त्यांना 'थांबा जरा' म्हणायचा. पण त्यांनी निरोप न घेता फोन ठेवला आणि चप्पल न घालताच ते वरच्या मजल्यावर गेले. त्यांनी ही गोष्ट गोविंदरावांना सांगितली. गोविंदरावांनी योगीराजांना सांगितली. आणि योगीराजांना सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही.

योगीराज एका साप्ताहिकाचे मालक, संपादक, वार्ताहर आणि बहुधा वाचकही होते. शिवाय सहा कृती समित्यांचे ते निमंत्रक होते. त्यांनी प्राचीचं मूळ पान हातात घेतलं, न वाचता परत दिलं आणि म्हणाले, "दैठणकर, हा काय लेकराबाळाचा विषय न्हाई राहिला. हा अनुशेषाचा विषय हाय. रेल्वेत आमी मागं, सिंचनात आमी मागं, आता चुंबकवीरातबी आमी मागं?"

दैठणकरांना वास्तविक म्हणायचं होतं की मुलीचे फक्त चार मुद्दे आहेत, त्यातला एक तर निघालाच आहे. पण योगीराजांनी त्यांना स्वागताध्यक्ष केलं. आयुष्यात त्यांना कुणी कशाचं अध्यक्ष केलं नव्हतं. त्यांनी लगेच होकार दिला.

परिसंवाद ठरला. 'चुंबकवीर पर्व तिसरे : मराठवाड्याच्या दृष्टिकोनातून.' मेचा शेवटचा रविवार, सकाळी अकरा, एका मंगल कार्यालयाचा हॉल. लाऊडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज दैठणकर घेऊन गेले. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी अर्ज वाचून विचारलं, जयंती आहे की पुण्यतिथी. दैठणकर म्हणाले, दोन्ही नाही. मग हयात आहेत का, असं त्यांनी विचारलं. दैठणकरांनी थोडा विचार करून हो म्हटलं. राहतात कुठं, असा पुढचा प्रश्न आला. टीव्हीत, असं खरं उत्तर दिल्यावर त्या गृहस्थांनी अर्ज बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला 'सांस्कृतिक' असा शेरा पडून परवानगी मिळाली. या तीन खेपांमध्ये दैठणकरांच्या दोन किरकोळ रजा गेल्या आणि ऑफिसात त्यांना 'चुंबकराव' म्हणायला सुरुवात झाली.

इकडे निवेदनाचा मसुदा वाढत होता. योगीराजांचं म्हणणं, दोन पानांच्या वर कुणी वाचत नाही. पण सहा समित्यांची नावं, बबिताताईंची शेपू, जिल्ह्याच्या यादीचा निषेध आणि कृषी विद्यापीठाच्या गावाला, म्हणजे परभणीला, मालिकेत मानाचं स्थान देण्याची मागणी, हे सगळं दोन पानांत बसेना. एक-दोन ओळी कमी करणं भाग होतं. दैठणकर पेन घेऊन वरून खाली आले, पुन्हा वर गेले. शेपू काढली तर बबिताताईंच्या घरच्या पाच सह्या जात होत्या. समिती काढली तर योगीराज जात होते. शेवटी त्यांनी चौथ्या मुद्द्यावर रेघ मारली. टाचणीचा मुद्दा. तसा तो किरकोळच होता, असं त्यांनी स्वतःला समजावलं. प्राचीला तर प्रत्यक्ष व्यासपीठावरून आपलं मूळ पान वाचायला मिळणार होतं, कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलंच होतं. शेवटून दुसरं, आभारप्रदर्शनाच्या आधी.

रविवार उजाडला. प्राचीनं नवा फ्रॉक घातला होता. मुलं पुढे सतरंजीवर बसली, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर, त्याहून मोठी माणसं व्यासपीठावर. दोन कूलर होते, त्यांची तोंडं व्यासपीठाकडे होती. प्रमुख पाहुणे म्हणून एका माजी पदाधिकाऱ्यांना आणलं होतं. त्यांना विषयाची कल्पना कुणी दिली नव्हती, किंवा दिली असेल तर ती गाडीतच राहिली होती. चुंबकवीर हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कुणी उपेक्षित सेनानी असावेत असा त्यांचा समज झाला होता. त्यांनी त्या सेनानींच्या त्यागाविषयी भरून येऊन सांगितलं आणि लहानपणी आपण त्यांना जवळून पाहिल्याचीही आठवण काढली. मुलं हसली. मागून कुणीतरी त्यांना दटावलं.

गोविंदराव 'बालमनाची अभिव्यक्ती' या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. मुलांचं ऐकून घेतलं पाहिजे हे त्यांनी निरनिराळ्या प्रकारे सांगितलं, आणि सतरंजीवरचा एक मुलगा काही विचारायला उभा राहिला तेव्हा त्याला खाली बसवलं.

पण खरी गोष्ट सांगायची तर उशीर गोविंदरावांमुळे झाला नाही. सुरुवातीलाच दैठणकरांचं प्रास्ताविक होतं. पाच मिनिटांचं. ते माईकपुढे उभे राहिले आणि आपला आवाज एवढ्या मोठ्या हॉलच्या चारही भिंतींवर आदळून परत येतोय हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. मग ते जिल्ह्याच्या यादीवर बोलले, सनईवर बोलले, नांदेडवर बोलले. टाळ्या पडल्या. मग ते स्वतःच्या नोकरीवर बोलले, आवक-जावकीवर बोलले, पत्र या गोष्टीचं माहात्म्य बोलले. योगीराजांनी दोनदा चिठ्ठी सरकवली. ते पस्तीस मिनिटं बोलले. प्राची पहिल्या रांगेत त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांना वाटत होतं की ती कौतुकानं बघतेय.

दीड वाजता पाहुण्यांना लग्नाला जायचं होतं म्हणून ते उठले. पाहुणे उठले की व्यासपीठ उठतं. प्राची पान घेऊन पायऱ्यांपर्यंत आली होती. तिनं बाबांकडे पाहिलं. दैठणकरांनी हातानं 'दोन मिनिटं' अशी खूण केली, कारण तेवढ्यात त्यांना फोटोसाठी बोलावलं होतं. फोटो होतोय न होतोय तोच वीज गेली. माईक बंद, कूलर बंद. आभार योगीराजांनी अंधुक उजेडात ओरडून मानले आणि लोक जेवायला सुटले. प्राची पायरीवरच उभी होती. पान तिनं नीट चौकोनी घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवलं. रडली नाही. रडली असती तर दैठणकरांना समजूत घालता आली असती.

पुढच्या आठवड्यात योगीराजांच्या साप्ताहिकात मथळा आला, 'चुंबकवीर बंद करा : परभणीच्या चिमुकलीचा एल्गार.' खाली प्राचीचा पायरीवरचा फोटो, पूर्ण नावासकट. बंद करा असं कुणीच म्हटलं नव्हतं. दैठणकर विचारायला गेले तेव्हा योगीराज म्हणाले, 'सुधारणा करा' असं हेडिंग कुणी वाचतंय का. साप्ताहिकाच्या त्या पानाचा फोटो मोबाईलवरून फिरला. चुंबकवीराच्या चाहत्यांचे गट कुठे कुठे होते हे परभणीला त्या दिवशी कळलं. लातूरच्या, सांगलीच्या, नागपूरच्या मुलांनी प्राचीला गंजासुराची बहीण ठरवलं. आणि ते लांबचे होते, त्यांचं सोडा. समोरच्या घरातली भक्ती, जिच्याबरोबर प्राची बालवाडीपासून एकाच रिक्षात शाळेला जायची, तिनं शाळा सुरू झाल्यावर रिक्षात जागा बदलली. वर्गात कुणीतरी फळ्यावर लिहिलं, प्राची चुंबकवीर बंद करायलीय.

कावेरी त्या रात्री जेवताना एवढंच बोलली, "एक पाकीट लागलं असतं फक्त." दैठणकरांनी ताटाकडे बघत मान हलवली. त्यांनी योगीराजांकडे खुलासा छापण्यासाठी रीतसर पत्र दिलं, विषय आणि संदर्भासहित. ते छापून आलं नाही.

परिसंवादानंतर रवाना केलेल्या निवेदनाचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. वाहिनीचं, छापील कागदावर. परभणीकरांच्या प्रेमाबद्दल आभार, आणि तांत्रिक चुकीमुळे यादीतून राहिलेला आपला जिल्हा आता समाविष्ट करण्यात आला आहे. बाकी एकवीस मुद्द्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. पण योगीराजांनी पेढे वाटले. गोविंदरावांनी दैठणकरांना शाल घातली. ऑफिसात साहेबांनी उभं राहून अभिनंदन केलं आणि त्या दिवसापुरतं कुणी चुंबकराव म्हटलं नाही. ज्याच्यासाठी माणूस आयुष्यभर झुरतो ते सगळं दैठणकरांना एका दिवसात मिळालं. संध्याकाळी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकून ते बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ते कुणाला तरी दाखवायचं आहे, आणि जिला दाखवायचं आहे ती बाजूच्या खोलीत गृहपाठ करते आहे.

त्यांनी प्राचीला बोलावलं. लॅपटॉप उघडला. यादीत पालघरच्या खाली, पुण्याच्या वर परभणी होती. ते म्हणाले, "हे बघ, आता आपलं नाव आलं. आता तुझ्या मनातलं लिही. कुणी काही बदलणार न्हाई. मी बघणारबी न्हाई."

प्राची खुर्चीवर बसली. पडद्यावर प्रश्न होता, तिसरं पर्व कसं वाटलं. तिनं पाच चांदण्या दाबल्या. पुढच्या चौकोनात लिहिलं, 'छान.' काय आवडलं नाही, या प्रश्नापुढे तिनं लिहिलं, 'काही नाही.' मग बटण दाबलं आणि विचारलं, "जाऊ?"

"एवढंच?" दैठणकर म्हणाले. "तुझे चार मुद्दे होते की."

"ते लहानपणीचे होते, बाबा," ती म्हणाली. तीन महिन्यांपूर्वीचे. ती आत गेली.

दैठणकर बसून राहिले. ती मालिका आपण स्वतः एकदाही बघितलेली नाही, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांना आवाज आला. प्राचीचाच, पण बऱ्याच दिवसांत न ऐकलेला. घाईघाईचा, मधेच हसणारा. ती धुरपताबाईंना सांगत होती की टाचणी मामाच्या गावाला राहिलीच नाही. ती बस चुकली म्हणून रेल्वेच्या रुळाच्या कडेनं चालत निघाली, तिच्याजवळ पण थोडं चुंबक होतं, फक्त ते कुणाला माहीत नव्हतं, आणि वाटेत तिला गंजासुर भेटला, एकटाच बसलेला.

"मग गं?" धुरपताबाई म्हणाल्या. "तिला भ्या न्हाई वाटलं?"

"लय वाटलं. म्हणून तर तिनं..."

दैठणकर उठून दारापर्यंत गेले होते. पुढचं त्यांना नीट ऐकायचं होतं. त्यांची सावली ओट्यावर पडली आणि प्राची थांबली. धुरपताबाई कणीक मळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"काय चाललंय?" दैठणकरांनी विचारलं. त्यांनी शक्य तेवढ्या हलक्या आवाजात विचारलं.

"काही न्हाई," प्राची म्हणाली.

ते थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग उभं राहायला काहीतरी कारण हवं म्हणून त्यांनी पाणी मागितलं. धुरपताबाईंनी कणकेचे हात धुऊन पेला भरून दिला. ते सगळं पाणी उभ्यानं, सावकाश प्यायले, आणि पेला ओट्यावर ठेवून बाहेर आले. आतली गोष्ट पुन्हा सुरू झाली का, हे ऐकायला ते दारापाशी थांबले नाहीत.